सातवं पान

१

बुऱ्हाणपूरजवळच्या लालबागमधल्या आमच्या घराचं कुलूप मी तीनदा ओढून पाहतो. जेवण झालं की रिकाम्या ताटात बोटाने तीन रेघा ओढतो. काही राहिलं नाही ना, याची खात्री म्हणून. माझी पत्नी मालती म्हणते, "तुमचं शास्त्र एवढंच. आहे ते आहे, हे तीनदा बघायचं." चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसावर हा अन्याय आहे, पण हे खोटं आहे असं छातीठोकपणे मला म्हणता येत नाही.

१९५६चा उन्हाळा. मी नागपूरच्या कॉलेजातून निवृत्त होऊन बुऱ्हाणपूरला परतलो, त्याला तीन वर्षं झाली होती. बाजारात एकच विषय होता. राज्यांच्या नव्या सीमा आखायच्या होत्या, नागपूर मुंबईकडे जाणार आणि आम्ही इकडेच राहणार. माझी सगळी कपाटं, सगळे नमुने एका राज्यात आणि मी दुसऱ्या राज्यात, असं होणार होतं.

लोटू निंबोल्याचा शेतकरी. दर सोमवारी केळीची गाडी घेऊन लालबाग स्टेशनवर यायचा आणि जाता जाता एक फणी आमच्या ओट्यावर ठेवायचा. त्या सोमवारी त्याने फणीशेजारी दगडाची एक चीप ठेवली. पांढरट, हलकी. तिच्यावर एक पान होतं. रंगवलेलं नाही, कोरलेलं नाही. शिरा न् शिरा उमटलेलं.

"विहिरीत निंघालं," लोटू म्हणाला. "काळा फत्तर फोडला, तं खाली ही पांढरी माती. सायेब, पुस्तकासारखे थर उलटतात तिचे. चूल सारवाले चालंन का, तेवढं सांगा."

"चूल सारवू नका," मी म्हणालो. माझा आवाज इतका चढला की मालती आतून लाटणं घेऊन बाहेर आली.

२

पानाच्या कडेवरून हवामान कळतं. थंड मुलुखातल्या झाडांची पानं पुष्कळदा करवतीसारखी दातेरी असतात. उष्ण मुलुखातल्या पानांची कड बहुधा सलग असते. एका जागी सापडलेल्या जातींपैकी किती सलग कडेच्या आहेत हे पाहिलं, की तिथे वर्षभर ऊब किती असेल याचा अंदाज येतो. पानाचं टोक शेपटीसारखं लांब निघालं, तर पाऊस भरपूर. पाणी निथळायला ते टोक लागतं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये एखाद्या तळ्याचा गाळ सापडला, तर माणूस जन्माला येण्याच्या पाच-सहा कोटी वर्षं आधीची हवा अशी वाचता येते.

तरुणपणी मी असा एक आकडा छापला होता, नऊ जातींच्या पानांवरून. एका वडीलधाऱ्या शास्त्रज्ञाने भर सभेत विचारलं होतं, "नऊ पानांवर ऋतू ठरवता होय?" सगळे हसले. मीही हसलो आणि घरी येऊन निबंध मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. त्यांचं बरोबरच होतं. निदान तीस जाती हव्यात. मी तीस वर्षं त्या तीस पानांची वाट पाहत होतो, आणि ती निंबोल्याच्या एका विहिरीत होती.

पण ती विहीर होती. लोटूच्या वडिलांनी, कडूबाबांनी, ती वीस वर्षांपूर्वी खणायला घेतली होती. काळा पाषाण लागला, काम थांबलं आणि पुढच्याच वर्षी ते तापाने गेले. तेव्हापासून त्या घरातल्या बायका मैलभरावरच्या नाल्यातून पाणी आणत होत्या. लोटूची आई धुरपदाबाई हिने यंदा हट्ट धरला होता: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची जी घागर भरायची, ती याच विहिरीच्या पाण्याने. आखाजी आठ दिवसांवर होती. सुरुंग लावणाऱ्या चुडामणने पांढऱ्या थराखाली पाणी आहे असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

"पाच दिवस तुमचे, सायेब," लोटू म्हणाला. "सहाव्या दिवशी चुडामणचे."

पाच दिवस. थर उडाला की पानं उडाली. मी मान डोलावली, तीनदा.

३

रोज पहिल्या बसने मी निंबोल्याला जायचो. छत्री, भिंग, रद्दीचे कागद, ब्रश. विहिरीवर एक बाज चारी कोपऱ्यांना नाडा, म्हणजे जाड दोर, बांधून चाकावर टांगलेली असायची. मी त्या बाजेवर मांडी घालून बसायचो आणि चौघेजण मला खाली सोडायचे.

"सायेबाची पालखी निंघाली हो!" चुडामण ओरडायचा. "सायेब, खाली गेल्यावर कोणत्या राज्यात पोचले, तेवढं वरडून सांगा. तलाठ्याले कळवा लागते."

तळ म्हणजे एक गोल खोली. आमच्या बैठकीच्या खोलीपेक्षा जरा मोठी. भिंती काळ्या, जमीन पांढरी. वर आभाळाचा एक तुकडा, ताटाएवढा. मला आधी वाटलं होतं मी घाबरेन. घाबरलो नाही. उलट इतक्या वर्षांत झाला नव्हता इतका आनंद व्हायला लागला. चाकूचं पातं थरात सरकवायचं, हलकेच पिळायचं, आणि एक थर सुटायचा, आणि पान. सलग कडेचं. पुन्हा सलग. मग एक दातेरी, मग पुन्हा चार सलग. लांब निथळती टोकं. पहिल्या दोन दिवसांतच बावीस जाती झाल्या.

खाली मला हसू येत होतं. माझं मलाच ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी मोठी मोठी पानं निघाली, तळहाताहून रुंद, सगळी एकाच जातीची, मी कधी न पाहिलेली. त्यांच्या कडेला छिद्रं होती. बारीक, दोन-दोनच्या जोड्यांनी. मी वहीत लिहिलं: "किड्यांनी खाल्ल्याच्या खुणा." तशा खुणा सापडतात, त्यात नवल नाही. घरी जाताना बसमध्ये मला आठवलं, की छिद्रांच्या जोड्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं होतं. किडा इतका नेटका नसतो. पण मी किड्यांचा जाणकार नाही, हे मी स्वतःला तीनदा सांगितलं.

४

चौथ्या दिवशी मी एक पूर्ण थर सोडवला. पानं सुटी पडलेली नव्हती. एक मधे, सहा भोवती, एकावर एक थोडं चढलेलं. छिद्रं जिथे चढण होती तिथेच होती. त्या छिद्रांतून एक बारीक रेघ आत-बाहेर, आत-बाहेर गेलेली. काडी.

मी भिंग खाली ठेवलं आणि वर ओरडलो, "चुडामण! खाली या!"

तो बाजेवरून गाणं म्हणत उतरला. मी दाखवलं.

"पत्रावळ," तो लगेच म्हणाला.

"ते मलाही दिसतं. कुणी ठेवली ही ओल्या मातीत? चेष्टा कुणी केली?"

"सायेब, मले पत्रावळीवर जेवता येते, लावता येत नही. आन् हे फत्तर आता सुटलं, तुमच्याच हातानं. त्याच्या पोटात मी कवा घुसलो?" तो वाकून बघत राहिला. हसणं जरा थांबलं त्याचं. "सायेब, जेवन झालेलं दिसते इथी."

मधल्या पानावर एक गोल, गडद डाग होता. वाटीएवढा.

तो वर गेला. मी तिथेच बसून नीट पाहायला लागलो, कारण नीट पाहणं हेच मला येतं. तेव्हा ते दिसलं. पानाच्या वरच्या बाजूला शिरा खोल असतात, खालच्या बाजूला उचललेल्या. सहा पानांच्या शिरा एका तऱ्हेच्या होत्या. सातव्याच्या नेमक्या उलट. कुणीतरी सातवं पान पालथं लावलं होतं.

शेजारचा थर सोडवला. तिथेही पत्रावळ. मधे गोल डाग, सातवं पान पालथं. तिच्यापासून हातभर अंतरावर आणखी एक. मग आणखी एक. सगळ्या एका ओळीत.

आणि मला पंगतीचा आवाज आला.

वरून येत असणार, असं मी ठरवलं. कुणाकडे तरी हळद असेल. पातेल्यावर पळी आपटल्याचा आवाज, कुणीतरी आग्रह करतंय, कुणी नको नको म्हणतंय, आणि मग एकदम सगळ्यांचं हसू. शब्द कळत नव्हते. पण इतकं सुखाचं हसू होतं की मी पुरता विचार करायच्या आतच हसलो होतो.

वर आल्यावर मी लोटूला विचारलं, "कुणाकडे जेवणं चाललीत का गावात?"

"नही सायेब. आज सगळे बजारले गेले बुऱ्हाणपूरले. आखाजीचा बजार. गावात मानूस नही."

नाडा ओढणारे ते चौघे तेवढे होते. चौघेही बिडी ओढत गप्प बसले होते.

५

ओळीतली शेवटची पत्रावळ मी घरी आणली, कागदात गुंडाळून, मांडीवर घेऊन. बसवाला म्हणाला, "बाबूजी, आरसा है क्या?" मी हो म्हणालो.

टेबलावर ठेवली आणि मालतीला हाक मारली. काय आहे ते सांगितलं नाही. ती मला वेडं ठरवील, अशी मला खरं तर आशा होती.

"अगबाई, दगडाची पत्रावळ!" ती म्हणाली. पदराने तिच्यावरची धूळ पुसली. "आणि ही तर कोरी आहे. हिच्यावर कुणी जेवलंच नाही."

खरंच. बाकी सगळ्यांवर डाग होता. शेवटची स्वच्छ होती. मी भिंगाने तीनदा पाहिली.

"मालती, तेव्हा माणूस नव्हता."

"मग कुणी लावली?"

"तेच तर."

"अहो, मग त्यात एवढं घाम येण्यासारखं काय आहे? कुणीतरी जेवलं, एवढंच ना? उपाशी तर नाही ना गेलं?" आणि ती आमटीला फोडणी द्यायला गेली.

मी पत्र लिहायला बसलो, कलकत्त्याला, भूगर्भ खात्याच्या मोठ्या साहेबांना. विहिरीचं काम ताबडतोब थांबवावं, जागा सरकारने ताब्यात घ्यावी. हे पत्र गेलं की माझं नाव जगभर होणार होतं. नऊ पानांवर हसलेले सगळे, जिवंत असोत की नसोत, गप्प होणार होते. आणि लोटूच्या घरच्या बायका आणखी किती वर्षं मैलभर चालणार होत्या, ते पत्रात लिहायला जागा नव्हती. मी पत्र पाकिटात घातलं. काढलं. पुन्हा घातलं. पाकीट चिकटवलं नाही.

६

पाचव्या दिवशी खिशात पाकीट घेऊन निंबोल्याला गेलो. लोटूच्या ओसरीत धुरपदाबाई आखाजीच्या पत्रावळी लावत बसली होती. माहेरी आलेल्या लेकी निंबाला झोके बांधत होत्या. एक गाणं उचलायची, बाकीच्या हसून मोडायच्या. मी खांबाला टेकून बसलो. म्हातारीचे हात बघत होतो. पळसाचं एक पान मधे, भोवती एक, दोन, तीन, काडी आत-बाहेर. सहावं झालं. सातवं तिने उचललं, पालथं केलं आणि लावलं.

मी खांबापासून सरळ झालो.

"धुरपदाबाई, ते उलटं लागलं."

"उलटंच लावाचं. हे पितराचं पान हाये, मास्तरभाऊ." मी प्रोफेसर होतो हे तिला चार वेळा सांगून झालं होतं, मास्तर तो मास्तर, असं तिचं म्हणणं. "एक पान पालथं असलं, म्हंजे त्याले कळते आपली जागा कोनती. नाहीतं जित्यांच्या पंगतीत घुसंन न बसंन."

"ही रीत गावाची?"

"आमच्या घरची. माह्या सासूनं शिकवली. तिले तिच्या सासूनं."

"आणि तिला?"

"तिले तिच्या. असं किती मांगं जाता तुमी?"

मी किती मागे जाऊ शकतो ते तिला सांगण्याऐवजी मी तिला विहिरीत न्यायचं ठरवलं. सत्तरीची बाई बाजेवर बसली, दोन्ही हातांनी नाडा धरला आणि वर जमलेल्या नातसुनांना म्हणाली, "पाहा वं पोरींनो, लगनातबी अशी पालखी मिळाली नव्हती मले."

तळावर ती काल सोडवलेल्या ओळीच्या कडेने चालत गेली. तिच्यासमोरच मी दुसरी ओळही सोडवली; आता दोन ओळी होत्या, समोरासमोर, भिंतीखाली आणखी आत जाणाऱ्या. ती वाकली. पालथ्या पानावरून बोट फिरवलं.

"गेले की हो जेवून," ती म्हणाली. आवाजात भीती नव्हती. घरमालकिणीचा राग होता. "आन् उष्टी पानं तशीच पडली. कोनी उचललीच नही."

"बाई, ही दगडाची आहेत. सहा कोटी..."

"दगडाची काहून झाली? कोनी उचलली नही म्हनून झाली." तिने माझ्याकडे पाहिलं. "पंगत उठल्यावर पानं नही उचलली, तं दुसरी पंगत बसते का कवा? पानी येईन कसं? लोटूचा बापबी तिकडंच खोळंबला असंन."

यावर शास्त्राचं काहीतरी उत्तर असेल. मला फक्त हे सुचलं, की खिशातलं पाकीट कलकत्त्याला गेलं, तर ही पानं काचेखाली जातील आणि कायमची पडून राहतील.

"उचलू या," मी म्हणालो.

आम्ही उचलली. मी थर सोडवायचो, ती एकावर एक रचायची, अन्न सांडू नये म्हणून धरतात तशी, आतली बाजू वर धरून. बाजेवरून वर जात राहिली. सगळ्यांत शेवटी आम्ही वर आलो. गोठ्यामागच्या खड्ड्यात, जिथे त्या घरची उष्टी पानं टाकतात, तिथे ती गेली; आधी सोडवून लोटूकडे कागदांत ठेवलेली सगळी सुटी पानंही गेली. पाकीटही मी तिथेच टाकलं.

तीस जाती झाल्या होत्या. सत्तावीस सलग कडेच्या. वहीत ते होतं, पण एकही नमुना नव्हता. फक्त टेबलावरची ती कोरी पत्रावळ.

७

सहाव्या दिवशी दुपारी चुडामणने सुरुंग लावला. आवाज झाला, धूर आला, आणि मग चुडामण विहिरीच्या काठावर पालथा पडून ऐकत राहिला. आम्ही सगळे श्वास धरून. त्याने मान वर केली तेव्हा त्याचा सगळा चेहरा हसत होता.

"सायेब," तो म्हणाला, "खळखळतंय!"

मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही. गूळ वाटला, कुणीतरी माझ्या तोंडात कोंबला. लोटू रडत होता आणि त्याच्या बहिणी त्याला चिडवत होत्या. धुरपदाबाईने पाण्याकडे पाहून पदर डोक्यावर ओढला. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. तेव्हाही घेतलं नाही. मलाही ओरडायचं होतं. मी छत्री उघडली आणि मिटली.

निघताना तिने मला अडवलं. "मास्तरभाऊ, आखाजीले आमच्याकडं पितर म्हनून कोनी तरी बाहेरचा मानूस बसवा लागते, गेलेल्याच्या वयाचा. दरसाली भाईदास बसे. तो बी गेला माघात. यंदा तुमी बसा."

मालतीला घरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जिवंतपणीच पितर! बघा बाई. पण पुरणपोळी असेल, नाही म्हणू नका."

८

आखाजीला ऊन टळटळीत होतं आणि झोके आभाळाला लागत होते. नव्या विहिरीच्या पाण्याने घागर भरली, वर खरबूज ठेवलं. मला जेवायला बोलावेपर्यंत मी विहिरीकडे गेलो. बारा वाजत आले होते, सूर्य अगदी डोक्यावर, आणि पाणी तळापर्यंत दिसत होतं.

मी वाकून पाहिलं. माझं डोकं दिसायला हवं होतं. दिसल्या त्या दोन ओळी, समोरासमोर. वाकलेल्या माना, पुढे हात. कुणी वर पाहिलं नाही. घाई नव्हती कुणाला. आणि एका ओळीच्या टोकाला एक जागा रिकामी.

"सायेब, पान वाढलं!" लोटूची हाक आली. मी मागे पाहिलं. पुन्हा पाण्यात पाहिलं तेव्हा आभाळ होतं. झोक्यांच्या सावल्या असतील. उन्हाने डोळे दिपले असतील. मी उपाशी होतो, हेही खरं.

मला पाटावर बसवलं. समोर पळसाची पत्रावळ, सातवं पान पालथं. लोटूने चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि पोळीचा घास टाकला. आगारी टाकणं म्हणतात त्याला. "कडूबाबाच्या नावानं," तो म्हणाला. मग आजाच्या, मग पणजाच्या. शेवटी, "ज्याईचं नाव ठाऊक नही, त्याईच्या नावानं."

निखारा फुलला. आणि विहिरीकडून ते हसू आलं. मी तळाशी ऐकलं होतं तेच. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. पोरी झोक्यावर हसत होत्या, त्यांचंच असेल. पण धुरपदाबाई माझ्याकडे बघत होती, आणि तिने फक्त एवढंच म्हटलं, "जेवा सावकाश."

मी जेवलो. आमरस, पुरणपोळी, कुरडई. आयुष्यात असा जेवलो नव्हतो. आग्रह झाला, नको नको म्हणालो, पुन्हा जेवलो. शेवटी सवयीने रसाच्या पानावर तीन रेघा ओढल्या, आणि सगळं घर हसलं.

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. मालती दाराशीच होती.

"कसं झालं जेवण?"

मी उत्तर द्यायच्या आधी टेबलाकडे गेलो. दगडाची पत्रावळ होती तिथेच होती. मधल्या पानावर गोल, गडद डाग होता. डागातून ओढलेल्या तीन रेघा. बोटाच्या रुंदीच्या, सरळ, दगडात खोल. भिंग लावलं. रेघांच्या कडा झिजलेल्या होत्या, जशा फार जुन्या गोष्टींच्या असतात.

त्या आधीपासून तिथे होत्या आणि मला दिसल्या नव्हत्या, असं असू शकतं. मालतीलाही दिसल्या नव्हत्या, असंही असू शकतं. मी तिला विचारलं नाही. मी माझं बोट त्या मधल्या रेघेत ठेवलं. ते बरोबर बसलं.

मग मी वही उघडली. सत्तावीस सलग, तीन दातेरी, टोकं लांब. त्याखाली, तीस वर्षांत पहिल्यांदा, खाडाखोड न करता निष्कर्ष लिहिला: हवा उबदार. पाऊस भरपूर. जेवणं झालेली.

पत्रावळ उचलली, आतली बाजू वर धरून, आणि मागच्या परसात केळीच्या बुंध्याशी ठेवून आलो, उष्टी पानं टाकतो तिथे. दुसरी पंगत बसायची असेल कुणाची.

संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो, तेव्हा कुलूप लावलं आणि एकदाच ओढलं.

"अहो," मालती म्हणाली, "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"पोट भरलंय," मी म्हणालो.